डेकचा गाभा कुजलाय? भोकं पाडून इपॉक्सी भरू नका, डेक उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फायबरग्लासची जुनी शिडाची बोट, पुढच्या डेकवर पाय ठेवला की तो भाग दबतो, ठोकल्यावर बद्द आवाज येतो आणि कठड्याच्या एका खांबाखालून आत तपकिरी पाणी झिरपतं. कुणीतरी सल्ला दिलाय की वरून बारीक भोकं पाडा, त्यांत पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन) सोडा, डेक पुन्हा कडक होईल. तसं करावं का, आणि नसेल तर काय करावं?

करू नका. हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, कारण तो सोपा आहे आणि सुरुवातीला खरंच फरक पडल्यासारखं वाटतं. पण पाण्याने भरलेल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, त्याला शिरायला जागाच नसते. ते भोकाभोवती थोडं गोळा होतं आणि तिथेच घट्ट होतं, म्हणून पाय ठेवल्यावर टणक लागतं. दोन भोकांमधलं लाकूड मात्र ओलंच राहतं आणि कुजत जातं. शिवाय डेकच्या वरच्या फायबरग्लासच्या कवचाला तुम्ही स्वतःच्या हाताने नवी छिद्रं पाडलेली असतात. पुढे कधीतरी डेक उघडावाच लागतो, तेव्हा इपॉक्सीची ही ढेकळं खालच्या कवचाला घट्ट धरून बसलेली असतात आणि ती तासताना ते कवच फाटतं. इंजेक्शनची पद्धत एकाच परिस्थितीत योग्य आहे: कवचांच्या मधला लाकडाचा गाभा कोरडा आणि निरोगी आहे, पण कवच त्यापासून सुटलंय आणि मध्ये पोकळी आहे. तुमच्याकडे तपकिरी पाणी येतंय. ते लाकडातूनच येतंय.

डेक कडक कशामुळे असतो हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची सगळी कामं आपोआप पटतात. तुमच्या डेकमध्ये वर फायबरग्लासचं एक कवच, खाली दुसरं कवच आणि मध्ये लाकडाचा गाभा आहे. पाय पडल्यावर डेक वाकू पाहतो, तेव्हा वरचं कवच दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. गाभ्याचं काम या दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणं आणि एकमेकांवरून सरकू न देणं. तेवढंच फायबरग्लास दोन भागांत वाटून मध्ये गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर कडकपणा सुमारे ७ पट होतो; जाडी चौपट केली तर सुमारे ३७ पट. हा सगळा हिशोब कवच गाभ्याला चिकटलेलं असेपर्यंतच खरा असतो. चिकटणं सुटलं की उरतात दोन पातळ पत्रे, आणि ते दबतात. म्हणूनच कुजलेल्या लाकडाला रसायन पाजून टणक केलं तरी उपयोग होत नाही. लाकूड टणक होईल, पण सुटलेला सांधा पुन्हा जुळणार नाही. बुरशी मारणाऱ्या द्रावणांचंही तसंच. बुरशी मेली तरी तिने खाऊन टाकलेली ताकद परत येत नाही.

आता पाणी आलं कुठून ते पाहा. डेकच्या मधोमध, जिथे एकही भोक नाही, तिथून पाणी सहसा शिरत नाही. ते शिरतं कठड्याच्या खांबांच्या बुडातून, क्लीट (दोर बांधायचा खुंटा), विंच (दोर ओढायची चरखी), हातपट्ट्या आणि हॅचच्या (डेकवरच्या झडपेच्या) चौकटीच्या स्क्रूंमधून, आणि डोलकाठीच्या ताणतारा जिथे डेकमधून खाली जातात त्या चेनप्लेटच्या फटीतून. कठड्याचा खांब सगळ्यांत वाईट, कारण माणूस त्याला धरून उभा राहतो आणि खांबाच्या उंचीमुळे तरफेसारखा जोर बुडावर येतो. बुडाखालचं सीलंट एकदा सुटलं की प्रत्येक पावसाचं पाणी बोल्टाच्या कडेने थेट उघड्या लाकडात जातं. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त घातक, कारण खारटपणा बुरशीला थोडा रोखतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडातला ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर गेलेला सोयीचा असतो. २० टक्क्यांच्या खाली तिची वाढ थांबते. दोन कवचांच्या मध्ये कोंडलेला गाभा एकदा भिजला की बाहेरच्या हवेने तो २० च्या खाली येत नाही, कितीही उन्हाळे गेले तरी. काही जण भोकं पाडून त्यांत गरम हवा सोडतात, पंपाने निर्वात करतात, स्पिरिट ओततात. भोकाजवळचं लाकूड वाळतं, एका वितीवरचं वाळत नाही.

पाणी किती पसरतं हे गाभा कशाचा आहे त्यावर ठरतं. बाल्सा हे अगदी हलकं लाकूड असेल तर त्याचे लहान चौकोनी ठोकळे फरशीसारखे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि त्यांचे रेषे उभे, म्हणजे एका कवचाकडून दुसऱ्या कवचाकडे जाणारे असतात. पाणी रेषांच्या दिशेने झरझर जातं आणि आडवं फार हळू जातं. त्यामुळे चांगला बांधलेला बाल्साचा डेक नुकसान बराच काळ एका जागी रोखून धरतो. पण ठोकळ्यांमधल्या फटी बांधणीच्या वेळी रेझिनने भरल्या गेल्या नसतील, तर पाणी त्याच फटींतून लांबवर पोचतं. प्लायवूडमध्ये उलट. तिथे रेषेच आडवे असतात, म्हणून एका खांबाखालून शिरलेलं पाणी हातभर, दोन हात लांब सापडलं तर नवल नाही. दबणारी जागा आणि भिजलेली जागा एकच असते असं कधीही समजू नका. भिजलेली जागा नेहमीच मोठी असते.

तिची हद्द ठोकूनच काढायची. लहान प्लास्टिकची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि बोटभर अंतराने ठोकत जा. कवच गाभ्याला चिकटलेलं असेल तिथे आवाज खणखणीत आणि नेमका येतो. सुटलेलं किंवा ओलं असेल तिथे बद्द, मऊ येतो. आधी जिथे सगळं ठीक आहे याची खात्री आहे अशा जागी थोडा वेळ ठोकून कान तयार करा. खाली आडवी भिंत किंवा कपाट असेल तिथे आवाज बदलतो, त्याने फसू नका. बद्द आवाजाची सीमा खडूने आखून घ्या. ओलावा मोजणारं यंत्र असेल तर ते दुसरी साक्ष म्हणून वापरा, एकमेव साक्ष म्हणून नाही. आतल्या बाजूचा धातू, वाळलेलं मीठ, काही रंग, नुकताच पडून गेलेला पाऊस, या सगळ्यांनी त्याचा आकडा चढतो. आकडा किती याला फारसा अर्थ नाही, त्याच डेकवरच्या खात्रीच्या कोरड्या जागेपेक्षा किती जास्त आहे याला आहे. शेवटची खात्री ड्रिलने करा. आखलेल्या सीमेच्या आत आणि थोडं बाहेर, फक्त एका कवचातून जाईल इतकं बारीक भोक पाडून भुसा बोटांत चोळून पाहा. फिकट, कोरडा, चुरचुरीत भुसा म्हणजे लाकूड ठीक. काळपट, ओला, लगदा होणारा भुसा म्हणजे सीमा अजून पुढे आहे. हे भोक आतल्या बाजूने, खालच्या कवचातून पाडता आलं तर उत्तम. वर नवी छिद्रं होत नाहीत. आणि या भोकांतून कवचाची जाडीही कळते, जी पुढे कापताना लागणारच आहे.

लगेच की नंतर, हा प्रश्नही यात दडलाय. मऊपणा चेनप्लेटजवळ किंवा डेकवर टेकलेल्या डोलकाठीच्या पायाशी असेल तर बोट पाण्यात नेऊ नका. तिथला भार डोलकाठी पाडू शकतो. कठड्याच्या खांबाखाली असेल तर तो खांब माणसाचं वजन धरेल यावर विश्वास ठेवू नका. फक्त पुढच्या डेकच्या मधला भाग दबत असेल, तर कोरडा हंगाम येईपर्यंत थांबता येतं, पण गळणारी साधनं आजच काढा, भोकं चिकटपट्टीने बंद करा आणि वर ताडपत्री टाका. थांबण्याच्या काळात पाणी तरी वाढत नाही.

वरून उघडायचं की खालून? बहुतेक वेळा वरून. वरून काम करताना रेझिन तुमच्या बाजूने वाहतं, वजनं ठेवून दाब देता येतो, हात थकत नाहीत. खालून केलं तर डेकचा खरखरीत नक्षीचा पृष्ठभाग शाबूत राहतो आणि वर सागवानाच्या पट्ट्या असतील तर त्याही वाचतात. पण आतलं अस्तर, दिवे, वायरी काढाव्या लागतात, रेझिन अंगावर गळतं आणि प्रत्येक तुकडा टेकू लावून वर दाबून ठेवावा लागतो. लहान जागा असेल आणि वरचा पृष्ठभाग परत तसाच बनवणं अशक्य असेल, तर खालून. एरवी माझं मत वरून, आणि तुमच्या बाबतीतही वरूनच.

कापण्याआधी बोट पाळण्यावर (जमिनीवर ती ज्या आधारावर ठेवतात त्यावर) सरळ बसलेली आहे ना हे पाहा आणि डेकला आतून फळ्या व टेकू लावा. वरचं कवच आणि गाभा काढल्यावर खालचं कवच खूप लवचिक होतं. तेव्हा डेकचा बाक बदलला, तर नवा गाभा त्याच चुकीच्या आकारात कायमचा चिकटेल. डोलकाठी उभी असेल तर ताणतारा सैल करा. आतल्या बाजूने हात फिरवून कापायच्या जागेखालून वायर किंवा नळी जात नाही याची खात्री करा. सगळी साधनं काढा, भोकांच्या जागा मोजून लिहून ठेवा.

कापायची रेघ ठरवण्यात घाई करू नका, इथला विचार नंतर कित्येक दिवसांचं काम वाचवतो. शक्य तिथे रेघ खरखरीत पट्ट्यांच्या मधल्या गुळगुळीत भागातून न्या, कारण सांधा घासून भरताना आजूबाजूची नक्षी जाणारच आहे आणि गुळगुळीत पृष्ठभाग परत करणं सोपं असतं. केबिनची भिंत किंवा बोटीची कड यांपासून किमान ५० मिलिमीटर वरचं कवच शिल्लक ठेवा. सांध्याच्या उतारासाठी ती जागा हवी. कोपरे गोल ठेवा, तीक्ष्ण कोपऱ्यातून पुढे तडे जातात. गोल पात्याच्या करवतीची खोली वरच्या कवचाच्या जाडीइतकीच, साधारण ३ ते ५ मिलिमीटर, लावा. कोपऱ्यांना कंपनावर चालणारं लहान कापणी यंत्र घ्या. खालच्या कवचाला पातं लागता कामा नये. तुकड्यावर आणि शेजारच्या डेकवर जुळणाऱ्या खुणा करून ठेवा, म्हणजे तो परत त्याच दिशेने बसेल.

कुजलेल्या भागातलं कवच हाताने उचलून येतं. कडेला जिथे लाकूड अजून चांगलं आहे तिथे ते सोडत नाही. रुंद पटाशी किंवा पातळ पाचर सरकवून सावकाश सोडवा, वाकवून मोडू नका. काढलेला तुकडा जपून सपाट ठेवा, तोच परत बसवायचाय. मग गाभा. मधला भाग खरवडून निघतो, कडेचा पटाशीने तासावा लागतो. खणखणीत, फिकट, कोरडं लाकूड लागेपर्यंत थांबू नका. ओलं पण घट्ट चिकटलेलं, रंगाने निरोगी लाकूड लागलं तर माझा नियम असा: वरचं कवच काढलेलंच आहे, तर ते वाळू द्या आणि वाळल्यावर पटाशीचं टोक दाबून पाहा. टोक सहज रुतलं नाही आणि लाकूड खालच्या कवचापासून सुटलं नाही, तर राहू द्या. काळं पडलेलं मात्र एक बोटभरही ठेवू नका. कडेने शिल्लक कवचाखाली शिरलेला कुजका भाग वाकवलेल्या पटाशीने किंवा ड्रिलला लावलेल्या वाकड्या खिळ्याने बाहेर काढा. या फटी नंतर पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायच्या आहेत.

खालच्या कवचावर चिकटून राहिलेले लाकडाचे रेषे ग्राइंडरने घासून काच दिसेपर्यंत साफ करा, पण कवच पातळ असतं, एका जागी रेंगाळू नका. काचेची धूळ त्वचेत आणि फुप्फुसांत जाते. चांगला बंदिस्त मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या आणि आत-बाहेर पडदे, यांत कसूर नको. कच्च्या इपॉक्सीचा त्वचेशी वारंवार संबंध आला तर ॲलर्जी होते आणि ती आयुष्यभर सोबत राहते. हातमोजे बदलत राहा. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. थिनरने धुतलं तर ते त्वचेत आणखी आत जातं.

आता वाळवणं. इथे लोकांचा धीर सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ताडपत्रीचा तंबू, आत हवा कोरडी करणारं यंत्र किंवा सौम्य उष्णता, आणि दिवस जाऊ देणं. कोरडं झालं का हे पाहायची साधी रीत: पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर तिथे ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. शिल्लक ठेवलेल्या लाकडाचा ओलावा उघड्या लाकडावर मोजता येतो, तिथे यंत्र खरं बोलतं. तो १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मी रेझिनचा डबा उघडत नाही.

नवा गाभा कशाचा? जाडी जुनीइतकीच हवी, हे पहिलं. बाल्साने एकदा दगा दिला म्हणून तो वाईट असं नाही. उभ्या रेषांचा बाल्सा दाबाला आणि सरकण्याला त्याच वजनाच्या बहुतेक फोमपेक्षा सरस आहे, आणि तो कुजला भोकांमुळे. पीव्हीसी किंवा सॅन जातीचा बांधणीचा फोम कुजत नाही, मात्र पाणी शिरलं तर त्याचंही कवच सुटू शकतं. मोठा, कमी जोराचा भाग असेल तर यांपैकी कोणताही चालेल. प्लायवूड जड असतं आणि पाणी आडवं पसरवतं, म्हणून संपूर्ण डेकसाठी ते मी टाळतो. साधनांच्या खाली मात्र यांतलं काहीच नको. तिथे काच आणि इपॉक्सीचा भरीव पत्रा किंवा जास्त घनतेचा फोम घाला, कारण बोल्ट आवळल्यावर हलका गाभा चेपतो आणि सीलंटची पकड तिथूनच सुटते. डेक उघडाच आहे. हे करायची यापेक्षा चांगली संधी परत येणार नाही.

रेझिन इपॉक्सीच वापरा. डेक मुळात पॉलिएस्टरने बांधलेला असला तरी जुन्या, पूर्ण वाळलेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर तितकं धरत नाही, इपॉक्सी धरतं. उलट, वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सीने सुरुवात केली की शेवटपर्यंत तेच, आणि वरून जेलकोटऐवजी (फायबरग्लासवरच्या चकचकीत पॉलिएस्टर थराऐवजी) रंग. हार्डनरचं प्रमाण कंपनीने दिलेलं, तंतोतंत. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते लवकर वाळत नाही, मऊच राहतं. वेग बदलायचा असेल तर संथ किंवा जलद हार्डनर निवडा. वजनाचं आणि मापाचं प्रमाण वेगवेगळं असतं, दोन्हीची गल्लत करू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, आणि खोल भांड्यात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं. मिसळलं की उथळ ट्रेमध्ये ओता.

गाभा आधी कोरडाच बसवून पाहा. बाक असलेल्या डेकसाठी जाळीवर चिकटवलेले ठोकळे असलेली बाल्साची पाटी घ्या आणि जाळी खाली येईल अशी ठेवा, म्हणजे फटी वर उघडतात आणि वरून भरता येतात. सगळं जुळलं की खालच्या कवचावर आणि गाभ्याच्या दोन्ही बाजूंवर पातळ इपॉक्सी लावा. बाल्साचे उभे रेषे ते शोषून घेतात. हा पहिला हात दिला नाही तर ते चिकटवण्याच्या थरातलं रेझिन ओढून घेतील आणि सांधा उपाशी राहील. हा हात दुपारनंतर, तापमान उतरत असताना द्या. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे बाहेर टाकत बसते.

पहिला हात चिकट असतानाच, त्यावर सिलिकाची पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी खरवडणीने पसरा. ते चमच्यात घेऊन चमचा उलटा केला तर पडू नये, इतकं घट्ट. वजन कमी करणारी सूक्ष्म पोकळ फुग्यांची पावडर इथे चालत नाही, ती फक्त शेवटच्या पुट्टीसाठी. तिची पकड कमकुवत असते. फोमच्या पाटीला मध्ये मध्ये बारीक भोकं पाडा, म्हणजे खालची हवा निघते. पाटी बसवा, हलवून दाबा, वर प्लास्टिक आणि त्यावर वाळूच्या पिशव्या. वाळूच्या पिशव्या बाकाला धरून बसतात, लाकडी फळी बसत नाही. सगळ्या फटींतून आणि भोकांतून इपॉक्सी वर आलेलं दिसलं पाहिजे. जिथून आलं नाही तिथे खाली पोकळी आहे. लगेच उचला आणि माल वाढवा. वाळल्यावर हे करता येत नाही.

वाळल्यावर इपॉक्सीच्या पृष्ठभागावर कधी कधी मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत घासणीने आधी धुवा आणि मगच घासा. न धुता घासलं तर तो सगळीकडे पसरतो आणि पुढचा थर धरत नाही.

आता वरचं कवच. लहान जागा असेल तर जुना तुकडा सोडून द्या आणि गाभ्यावर थेट नवी काच चढवा, एक सांधा कमी होतो. चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम वजनाचं तिरप्या धाग्यांचं कापड हाताने बसवलं तर एका थराला पाऊण ते एक मिलिमीटर जाडी येते, म्हणजे ३ मिलिमीटरच्या कवचाला तीन ते चार थर. मागे तुकड्या-तुकड्यांची चटई शिवलेलं कापड इपॉक्सीसोबत टाळा; ती रेझिन भरमसाट पिते आणि ताकद फारशी देत नाही. जागा मोठी असेल तर जुना तुकडाच बसवा, डेकची नक्षी वाचते. त्याची खालची बाजू काच दिसेपर्यंत घासा, वितीवितीवर ३ मिलिमीटरची भोकं पाडा, गाभ्यावर पुन्हा घट्ट इपॉक्सी पसरा आणि खुणा जुळवून दाबा. भोकांतून इपॉक्सी वर आलं की मध्ये हवा नाही.

पण फक्त चिकटवलेला तुकडा म्हणजे पूर्ण डेक नव्हे. कापलेल्या रेघेत काचेचे धागे तुटलेले आहेत, आणि कवचातला ताण त्या रेघेपलीकडे न्यायचा तर दोन्ही बाजूंना लांब उतार द्यावा लागतो. जाडीच्या १२ पट धरा: ३ मिलिमीटर कवचाला प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटर. या उथळ खोबणीत कापडाच्या पट्ट्या बसवा. मी सगळ्यांत रुंद पट्टी आधी घालतो, म्हणजे ती उताराच्या पूर्ण लांबीला धरते, आणि वर क्रमाने अरुंद. वरचा भाग घासताना लहान पट्ट्यांचाच थोडा भाग जातो, मुख्य पट्टी शाबूत राहते. वरून सोलून काढायचं कापड लावलं तर पृष्ठभाग स्वच्छ मिळतो. मग हलकी पुट्टी, घासणी, प्रायमर आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. रंग फिकट निवडा. सामान्य तापमानाला वाळलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं आणि गडद डेक भर उन्हात तिथवर पोचतो. उघडं इपॉक्सी उन्हात ठेवू नका, अतिनील किरणांनी ते खराब होतं.

राहिली साधनं परत बसवणं, आणि खरं सांगायचं तर हा भाग नीट झाला नाही तर आधीचं काहीच टिकणार नाही. यापुढे डेकच्या एकाही भोकात लाकूड उघडं दिसता कामा नये. जिथे भरीव पत्रा घातलाय तिथे सरळ भोक पाडा. बाकी प्रत्येक ठिकाणी भोक मोठं करा: ६ मिलिमीटरच्या बोल्टासाठी वरच्या कवचातून आणि गाभ्यातून सुमारे १२ मिलिमीटर. वाकवलेल्या खिळ्याने कवचांच्या मधला गाभा आणखी सेंटिमीटरभर कोरून काढा, खालून चिकटपट्टी लावा, आधी पातळ आणि मग घट्ट इपॉक्सी भरा. भोक मोठं असेल तर दोन टप्प्यांत, नाहीतर ते तापून तडकतं. पूर्ण वाळल्यावर त्या भरावाच्या मधून बोल्टाचं भोक पाडा. आता सीलंट कधी सुटलंच तर पाणी थेट केबिनमध्ये थेंबेल आणि तुम्हाला लगेच कळेल. गाभ्यात जाणार नाही. जुन्या डेकवरच्या न उघडलेल्या भागातल्या साधनांनाही हेच करा. एका खांबाखाली कुजलं असेल तर शेजारच्याचं सीलंटही त्याच वयाचं आहे.

भोकाची वरची कड थोडी शंकूसारखी कोरा, म्हणजे सीलंटचं एक कडं बोल्टाभोवती राहतं. खाली रुंद, भक्कम पाठपट्टी द्या. नुसत्या लहान वॉशरवर कठड्याचा खांब टांगू नका. सीलंट म्हणून मला ब्यूटाइलची पट्टी सगळ्यांत विश्वासू वाटते, ती मऊच राहते आणि साधन हललं तरी तुटत नाही. इंधन भरायच्या तोंडाजवळ मात्र ती नको, पेट्रोल-डिझेलने विरघळते. तिथे इंधनाला टिकणारं पॉलिसल्फाइड वापरा. कायमची चिकटणारी पॉलियुरेथेन सीलंटं साधनांखाली नकोत, पुढच्या वेळी खांब काढताना कवचच उपटून येतं. सिलिकॉनचा डाग राहिला तर त्यावर रंग धरत नाही. आवळताना वरचा बोल्ट स्थिर धरा आणि खालची नट फिरवा, म्हणजे बोल्टाभोवतीचं सीलंट पिळलं जात नाही. ब्यूटाइल एका दमात पूर्ण आवळू नका. कडेने थोडं बाहेर आलं की थांबा, दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर पुन्हा थोडं आवळा, असं बाहेर येणं थांबेपर्यंत करा, आणि मग कडेला आलेली पट्टी प्लास्टिकच्या पात्याने कापून टाका.